गिरणीवाटेच्या तोंडावरची व्हॅन

फिलिपा : मी चहाला आले नाहीये, क्लाइव्ह, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे.

क्लाइव्ह : ठाऊक असूनच पाणी ठेवलंय. बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो.

फिलिपा : व्हॅनचं बोलायला आलेय.

क्लाइव्ह : व्हॅनला काय झालं? ठणठणीत आहे. कर भरलेला, विमा भरलेला.

फिलिपा : ती गिरणीवाटेच्या तोंडावर उभी आहे. अगदी तोंडावर. एकीकडे काटेरी कुंपण, एकीकडे चर्चची भिंत, मधे तुमची व्हॅन. मांजरालासुद्धा अंग चोरून जावं लागेल.

क्लाइव्ह : जातात मांजरं. बघितलंय मी.

फिलिपा : मिसेस ट्विग जात नाहीत ना! त्या बिचाऱ्या कुत्रीला घेऊन मोठ्या रस्त्याने वळसा घालतात. तिथे कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, ट्रॅक्टर नुसते अंगावर येतात. आणि तुमचं बघून आता सगळेच तिथे गाड्या लावायला लागलेत. रविवारी पबमध्ये जेवायला येणाऱ्यांची रांग चर्चच्या फाटकापर्यंत जाते. परवाच्या लग्नात नवरी चिखलातून चालत आली.

क्लाइव्ह : गमबूट घालायचे होते तिने.

फिलिपा : हसू नका. उद्या संध्याकाळी गावच्या कौन्सिलची सभा आहे. आधी बसथांब्याचं छप्पर, मग तुमची व्हॅन. मी अध्यक्ष आहे, मला तोंड उघडावंच लागेल.

क्लाइव्ह : उघड की. चार माणसं ओरडतील, मग सगळी पबमध्ये जातील. चाळीस वर्षं तेच चाललंय.

फिलिपा : या वेळी नाही. ती सगळ्या गावाच्या हक्काची वाट आहे. कौंटीचा, जिल्ह्याचा माणूस येईल आणि व्हॅन उचलून नेईल.

क्लाइव्ह : नेऊ दे. दुसरी आणून लावीन.

फिलिपा : असं काय हो करता? दुसऱ्या कुणाची असती तर मी कधीच कळवून मोकळी झाले असते. पण हे घर कुणाचं आहे? मेजर फॅनशॉने ही वाट तारेने बंद केली तेव्हा कोण उभं राहिलं त्याच्यासमोर? सगळं गाव त्याच्या जमिनीवर राबत होतं, कुणाची टाप नव्हती बोलायची. रोझलिंड एकटी उभी राहिली. मला कौन्सिलमध्ये तिने आणलं, अक्षरशः कानाला धरून. तार तिने कापली आणि कंदील मी धरला होता! आणि आज तिचाच नवरा—

क्लाइव्ह : हळू. वर झोपलीय ती.

फिलिपा : तिला माहीत आहे? व्हॅन तुम्ही तिथे लावता ते?

क्लाइव्ह : साखर किती घालू?

फिलिपा : मी साखर घेत नाही, आणि तेही तुम्हाला ठाऊक आहे. क्लाइव्ह, नाताळापासून रोझलिंड कुठे दिसलेली नाही. चर्चमध्ये नाही, दुकानात नाही. मी फोन केला की तुम्ही म्हणता सर्दी झालीय. इतकी कसली सर्दी?

क्लाइव्ह : लांबलीय जरा.

फिलिपा : क्लाइव्ह.

क्लाइव्ह : पिपा, तू चांगली पोर आहेस. चहा पी आणि जा. उद्या जे बोलायचं ते बोल, मला राग नाही.

फिलिपा : मला काहीतरी सांगा म्हणजे मी तुमच्या बाजूने बोलेन. नुसता हट्ट असेल तर कशी बोलू?

क्लाइव्ह : हट्टच आहे. लिही तसं.

फिलिपा : मी तुम्हाला ओळखते. तुम्ही आयुष्यात कुणाची वाट अडवली नाहीत. नळ दुरुस्त करायला आलात तर गाडी कोपऱ्यावर लावून अवजारं उचलून आणायचात, शेजाऱ्याचं दार अडायला नको म्हणून.

क्लाइव्ह : ...ती नदीवर जाते.

फिलिपा : कोण?

क्लाइव्ह : कोण म्हणजे? रोझ. सकाळी उठते, कोट चढवते आणि निघते. अंगणाचं दार उघडलं की समोर ती वाट. खाली गिरणी, गिरणीपाशी बंधारा. मार्चमध्ये मी दाढी करत होतो. खाली आलो तर दार सताड उघडं. बंधाऱ्यावर सापडली. बूट काढून नीट जोडीने ठेवले होते काठावर आणि गुडघाभर पाण्यात उभी. मला म्हणाली, पाणी किती चढलंय ते बघायला आलेय, कौन्सिलला कळवायला हवं.

फिलिपा : अरे देवा.

क्लाइव्ह : डॉक्टर म्हणतात, हे आता असंच. वाढत जाणार.

फिलिपा : मग दाराला कुलूप?

क्लाइव्ह : लावून बघितलं. दोन्ही तळहात दारावर टेकून उभी राहिली. ओरडली असती तर बरं होतं. ओरडली नाही. नुसती म्हणत राहिली, मी काय केलं, मी काय केलं. आपल्याच घरात, पिपा. मी कुलूप काढून फेकलं मागच्या खाजऱ्या झुडपांत.

फिलिपा : म्हणून व्हॅन.

क्लाइव्ह : व्हॅन असली की तिला काही वाटत नाही. जाते, बघते, म्हणते, आज कुणीतरी गाडी लावलीय, उद्या जाऊ. आणि परत येते. भाजलेला पाव खाते. बस्स. एवढ्यासाठी.

फिलिपा : तुम्ही तिच्याबरोबर का नाही जात?

क्लाइव्ह : हा खुबा बघतेस ना? उतारावर ती माझ्या कितीतरी पुढे असते. ती नदीवर पोचेल तेव्हा मी कुंपणाला धरून अर्ध्या वाटेत उभा असेन.

फिलिपा : गावाला सांगायचं हो. निदान मला.

क्लाइव्ह : सांगितलं की लीड्सला लेकीला कळतं. लीड्सला कळलं की लेक येते, आणि आली की कुठल्यातरी वृद्धाश्रमाची चित्रं घेऊन येते. आणि गाव? गावाने तिला कशी बघितलीय! मेजरला घाम फोडणारी बाई. आता तीच लोकं दुकानात तिच्याशी मोठ्याने, सावकाश बोलणार, बहिऱ्याशी बोलतात तसं. ते नको मला. व्हॅनवर बोंबलू दे हवं तेवढं.

फिलिपा : मी उद्या त्यांना काय सांगू?

क्लाइव्ह : म्हातारा बिथरलाय म्हणून सांग... थांब. उठलीस, रोझ? ये. त्या पायरीवर जपून.

रोझलिंड : क्लाइव्ह, घरी माणूस आलंय आणि तू त्यांना टवका उडालेला कप दिलास?

फिलिपा : चालतो मला, रोझलिंड. कशा आहात?

रोझलिंड : मी उत्तम. तुम्ही कुठून आलात?

फिलिपा : मी पिपा. कौन्सिलमधली.

रोझलिंड : पिपाचे केस लांब आहेत.

फिलिपा : कापले मी.

रोझलिंड : छान केलंस. कुंपणात अडकायचे सारखे. काय काम काढलंस? बसथांब्याचं छप्पर उडालं असेल.

क्लाइव्ह : उडालंय. तेच बोलत होतो आम्ही.

रोझलिंड : छपरासाठी कुणी असा चेहरा करून बसत नाही. बोल ग.

फिलिपा : गिरणीवाट... बंद झालीय, रोझलिंड.

क्लाइव्ह : पिपा!

रोझलिंड : पुन्हा? फॅनशॉने?

फिलिपा : मेजर गेले. बरीच वर्षं झाली. हा दुसराच माणूस आहे. तोंडावर गाडी लावून ठेवतो.

रोझलिंड : बघितलीय मी ती गाडी! पांढरी. रोज असते. मला वाटायचं, असेल कुणी पाहुणा. काय म्हणतो तो?

फिलिपा : काही म्हणत नाही. काढत नाही एवढंच.

रोझलिंड : त्याला विचारलंस का, का लावतोस म्हणून?

फिलिपा : आत्ताच विचारलं.

रोझलिंड : छान. लोक आधी पत्रं लिहितात आणि मग विचारतात, तिथेच बिघडतं. फॅनशॉलासुद्धा मी आधी विचारलं होतं. म्हणाला, माझी वाट, माझी मर्जी. मग काही बोलण्यासारखं उरलंच नाही. हा काय म्हणाला?

फिलिपा : त्याच्या घरातलं एक माणूस त्या वाटेने नदीवर जातं. त्याला भीती वाटते, बुडेल म्हणून.

रोझलिंड : लहान मूल आहे?

फिलिपा : नाही. मोठं माणूस आहे.

रोझलिंड : मग भीती वाटणारच. बंधारा वाईट आहे, शेवाळ असतं. बिचारा.

क्लाइव्ह : तुला तो बिचारा वाटतो, रोझ?

रोझलिंड : वाईट माणूस दिसत नाही. पण चुकतोय. एकाच्या भीतीपायी सगळ्यांची वाट बंद करता येत नाही. आज तू नदीसाठी बंद करशील, उद्या दुसरा मेंढ्यांसाठी करेल.

क्लाइव्ह : मग त्याने करायचं काय?

रोझलिंड : अरे, त्या माणसासोबत चालायला कुणीतरी जायचं. एवढं सोपं आहे.

क्लाइव्ह : त्याला चालवत नसेल तर?

रोझलिंड : मग दुसऱ्याला सांगायचं. गाव कशाला असतं? तोंडाने मागायला लाज वाटते त्याला?

क्लाइव्ह : वाटते.

रोझलिंड : ओळखतोस वाटतं तू त्याला. सांग मग. आणि पिपा, उद्या सभेत त्याला उभं करून झोडू नकोस. वाट मोकळी झाल्याशी कारण. क्लाइव्ह, तुझ्या डोळ्यांत पाणी का? कांदा चिरत होतास?

क्लाइव्ह : हो. कांदाच.

रोझलिंड : चिरून झाला असेल तर बिस्किटं काढ. ही मुलगी कोरडाच चहा पितेय.

क्लाइव्ह : पिपा... उद्या सभा किती वाजता म्हणालीस?

(मे महिना. सकाळ. गिरणीवाटेचं तोंड. व्हॅन तिथे नाही, तिच्या जागी, कुणी गाडी लावू नये म्हणून रोवलेले ओकचे दोन बुटके खांब.)

फिलिपा : खांब मजबूत झालेत. रविवारी कुणीतरी लाथ मारून बघितली म्हणे.

क्लाइव्ह : मारली. मी खिडकीतून बघत होतो. मग लंगडत पबमध्ये गेला.

फिलिपा : तुम्ही इथे कसे? या वेळेला मिसेस ट्विग येतात ना?

क्लाइव्ह : तिच्या कुत्रीला काल तुझ्याच जनावरांच्या दवाखान्यात टाके घातले. मग आज कोण? मीच म्हटलं, बघू जमतं का. काठी घेतलीय.

फिलिपा : मला फोन करायचा. मी दवाखाना उशिरा उघडला असता.

क्लाइव्ह : रोज कुणाला ना कुणाला मागायचं म्हणजे जिवावर येतं ग. अजून येतं.

फिलिपा : सभेत बोललात तेवढं तर नाही ना अवघड?

क्लाइव्ह : सभेचं काढू नकोस. उठलो आणि आधी बसथांब्याच्या छपरावरच बोलून घेतलं. आणि ती ट्विगबाई! एवढ्या तक्रारी लिहून आणलेल्या, त्यातली एक वाचली नाही. चष्मा काढून म्हणाली, मी तर रोज जातेच, एकीला न्यायचं ते दोघींना नेईन. दोघी म्हणजे कुत्री आणि रोझ.

फिलिपा : मला हसावं की रडावं कळेना.

क्लाइव्ह : मी दोन्ही केलं, घरी येऊन. कौन्सिलमधला हॅरॉल्ड मात्र अजून म्हणतो, दंड व्हायलाच हवा होता.

फिलिपा : हॅरॉल्ड स्वतःच्या आईलाही दंड करेल. लीड्सहून काय म्हणतात?

क्लाइव्ह : लेक आली होती शनिवारी. आधी भांडली, मला का नाही सांगितलंस म्हणून. मग रडली. मग आईबरोबर खाली गिरणीपर्यंत जाऊन आली. वृद्धाश्रमाची चित्रं आणली होती तिने, टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, उन्हाळा जाऊ दे, हिवाळ्यात बोलू.

फिलिपा : आणि तुम्ही?

क्लाइव्ह : मी काय? टाकली नाहीत. पाव ठेवतो त्या डब्यामागे आहेत. हिवाळ्यात वाट बर्फाने गुळगुळीत होते, ट्विगबाईही म्हातारी आहे. येड्यासारखं कसं करून चालेल?

फिलिपा : मी थांबू का? येऊ बरोबर?

क्लाइव्ह : नको. तू जा, तुझी गुरं खोळंबली असतील. पहिल्या बाकापर्यंतच जाणार आम्ही. तिथून नदी दिसते, पाणी लांब असतं. ती बघ, आली. कोटाची बटणं बरोबर लावलीत आज.

फिलिपा : गुड मॉर्निंग, रोझलिंड!

रोझलिंड : गुड मॉर्निंग. बघा तरी, वाट किती मोकळी झाली! मी म्हटलंच होतं, त्याला नीट विचारलं की काढेल.

फिलिपा : काढली त्याने.

रोझलिंड : त्याला माझा नमस्कार सांगा. आणि हे गृहस्थ कोण?

फिलिपा : हे... क्लाइव्ह, मी...

क्लाइव्ह : जा तू, पिपा. मी बघतो. गुड मॉर्निंग, बाई. मी समोरच राहतो.

रोझलिंड : समोर? मग ही वाट माहीत असेल तुम्हाला.

क्लाइव्ह : नाही हो. नीटशी नाही. तुम्ही दाखवाल?

रोझलिंड : दाखवीन की. या. माझा हात धरा, इथे उतार आहे.