साहेबाची सही

सर्टिफिकेटाची गोष्ट काढलीच हाय भाऊ, त आमच्या सुखदेवचं ऐकून घ्या. माझा पुतण्या तो. नोकरी लागंल म्हणून डायवरीच्या सरकारी वर्गात बसला. तीन महिने वर्ग चालला, पण गाडी काई आली नाई. मास्तरनं फळ्यावर जीप काढली, अन् पोरं घरून सूप आणून स्टेरिंगसारखं फिरवत. माझी बायको ओरडे, "अरे, मी धान कशात पाखडू, तुह्या जीपीत?"

शेवटी अहेरीहून साहेब जीपनं आला. सर्टिफिकेटं वाटली. वर 'उत्तम चालक', खाली साहेबाची सही अन् गोल शिक्का. तेवढ्यात साहेबाच्या डायवरले थंडी वाजून ताप चढला. त्याले उठताच येईना.

सुखदेव कागद घेऊन पुढं झाला. "साहेब, मी नेतो गाडी. जमलं त मले कामावर ठेवा."

"अरे, तुला गाडी येते कुठं?"

"सही त तुमचीच हाय ना, साहेब."

साहेबानं सहीकडे पाह्यलं, जीपकडे पाह्यलं, अन् मले म्हणते, "बाबा, तुमची बैलबंडी जुंपा. अहेरीला सोडा."

डायवरले बंडीत मागं धानाच्या तणसावर निजवलं. साहेब माझ्या बाजूले बसला. सुखदेव कागद धरून जीपीपाशीच उभा राह्यला. मी बैल हाकलले अन् हळूच इचारलं, "साहेब, माझ्यापाशी सर्टिफिकेट नाई जी. चालते का?"

साहेब म्हणते, "नाही ना? म्हणूनच तर बसलो."