त्रिकोणाचा पाचवा प्रयोग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेच्या कार्यकारी मंडळाचे प्रमुख माननीय महोदय, आदरणीय मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावर जरा दाटीवाटीनेच बसलेले सन्माननीय पाहुणे, समोर बसलेले माझे सहकारी, पालक बंधुभगिनी, शेवटचे दोन तास बुडाल्यामुळे ज्यांचे चेहरे आज विशेष प्रसन्न दिसताहेत ते माझे विद्यार्थी, आणि व्यासपीठावरची ही मधली रिकामी खुर्ची...

खुर्चीला का संबोधतोय, असं वाटलं असेल तुम्हाला. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय त्या आपल्या कोचबाईंसाठी ती ठेवलेली आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी तीनदा बोलावलं. पण बाई कुठे बसल्यात? वळून बघा जरा. शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून. मांडीवर वही उघडी. तीन वर्षांची सवय, एका दिवसात कशी सुटणार? बाई, आज तरी लिहू नका हो! ...लिहिताहेत. असो.

मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. मी भरभर बोलतो, त्यामुळे त्यात वीस मिनिटांचं भाषण बसेल, काळजी नसावी. पाहुण्यांना माझी ओळख नाही म्हणून सांगतो, मी या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवतो. मुलं माझ्यामागे मला 'एक्सप्रेस सर' म्हणतात. हे नाव मला पहिल्यापासून माहीत होतं. मला आपलं वाटायचं, कौतुकानं ठेवलंय. एक्सप्रेस मधल्या कुठल्याच स्टेशनवर थांबत नाही आणि निम्मे लोक फलाटावरच राहतात, हा त्याचा अर्थ मला बाई आल्यानंतर कळला.

तीन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं की शाळेत शिक्षकांसाठी एक कोच येणार. आमचे क्रीडाशिक्षक दोन दिवस जेवले नाहीत. आपली नोकरी गेली असं समजून त्यांनी अख्ख्या मैदानाला नव्याने चुन्याच्या रेघा मारून घेतल्या. मग कळलं, ही कोच मैदानावर नाही, वर्गात येणार. तेव्हा ते जेवले आणि आम्ही बाकीच्यांनी जेवण सोडलं.

का? कारण वर्गात मागे येऊन बसणारं माणूस आम्हाला एकाच प्रकारचं माहीत होतं. तपासणी करणारं. म्हणजे बाई मुख्याध्यापिकाबाईंच्या हेर, हे शिक्षकखोलीत पहिल्याच चहाला ठरलं. त्यावर उपाय काय? तो मी शोधला. सांगायला लाज वाटते, पण आज सांगतोच.

प्रत्येक शिक्षकाचा एक ठेवणीतला तास असतो. माझा होता त्रिकोणाचं क्षेत्रफळ. रंगीत खडू, मोठी आकृती, दोन ठरलेले विनोद आणि बरोबर घंटेला संपणारं शेवटचं गणित. बाई आठवी 'ब'मध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्रिकोण घेतला. झकास झाला. तीन आठवड्यांनी पुन्हा आल्या. तेव्हा खरं तर माझं व्याज चाललं होतं. पण बाई दारात दिसल्या आणि माझा हात आपोआप रंगीत खडूकडे गेला. फळा पुसला, त्रिकोण काढला. तिसऱ्यांदा आल्या, पुन्हा त्रिकोण. आता वर्गही तयार झाला होता. माझा विनोद व्हायच्या आधीच मुलं हसायची. चौथ्यांदा तर बाई नुसत्या पायऱ्या चढताना दिसल्या आणि पहिल्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला, "सर, कोचबाई आल्या. त्रिकोण काढू का?"

आता, बाईंची एक पद्धत आहे. तास संपला की त्या वहीतलं त्या तासाचं पान फाडून त्या शिक्षकाच्या हातात देतात. दुसरी प्रत नाही. त्या म्हणतात, "तास तुमचा, म्हणून पान तुमचं." पानावर शेरा नाही, गुण नाहीत, चांगलं-वाईट काही नाही. वर्गात काय घडलं तेवढंच. चौथ्या पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'त्रिकोण, प्रयोग चौथा.' आणि खाली, 'सरांनी विचारलेले प्रश्न एक्केचाळीस. त्यातल्या चौतीस प्रश्नांची उत्तरं सरांनी दिली. सहांची पहिल्या बाकावरच्या मुलाने. एकाचं उत्तर देण्याआधी घंटा झाली. प्रश्न विचारल्यावर सर थांबले सरासरी पाऊण सेकंद.'

माझा संताप संताप झाला! ते पान घरी नेलं आणि सौभाग्यवतींना दाखवलं. म्हटलं, "बघ, काय लिहितात ही माणसं!" तिने शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "यात नवीन काय आहे? जेवायला काय केलंय म्हणून तुम्ही विचारता आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडते तोवर तुम्ही दुसराच प्रश्न विचारलेला असतो. चोवीस वर्षं हेच सांगतेय. फक्त मी वहीत लिहिलं नाही." त्या तिथे तिसऱ्या रांगेत बसल्यात. हसू नका, घरी मला जायचंय.

मी उरलेलं पान वाचलंच नाही. आधीच्या तीन पानांसारखं तेही टेबलाच्या खणात कोंबलं आणि एक अर्ज लिहिला. 'कोचबाईंच्या उपस्थितीमुळे वर्गातील नैसर्गिक वातावरण बिघडते.' हे लिहिणारा कोण? जो चार वेळा तोच त्रिकोण काढून नैसर्गिक वातावरण राखत होता, तो! अकरा जणांच्या सह्या घेतल्या. सह्या करणारे आज इथे हजर आहेत. मी कुणाकडे बघत नाहीये.

नव्या विज्ञानबाईंनी मात्र सही केली नाही. त्यांच्या वर्गातला गोंगाट खालच्या मजल्यावर ऐकू यायचा. कोचबाई एकदा त्यांना म्हणाल्या, "पुढचा तास मी घेते, तुम्ही मागे बसून लिहा." तास घेतला आणि गोंगाट तेवढाच झाला! घामाघूम होऊन कोचबाईंनी विचारलं, "आता सांगा, मी कुठे चुकले?" विज्ञानबाई आम्हाला म्हणाल्या, "नोकरीला लागल्यापासून मला असं पहिल्यांदाच कुणी विचारलं." त्या दोघींनी मिळून तो वर्ग कसा आवरला हे तेव्हाची आठवी 'अ' सांगेल. आता खालच्या मजल्यावर फक्त माझा आवाज जातो.

इकडे माझं काय चाललं होतं? सहामाहीत आठवी 'ब'चा गणिताचा निकाल असा लागला की मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "सर, महिनाअखेरीला मी स्वतः तुमच्या तासाला बसणार. बदल दिसला नाही, तर आठवीचं गणित दुसऱ्यांकडे देते. तुम्ही वेळापत्रक बघा." वेळापत्रक बघा! इतकी वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस मी. मला कार्यालयाच्या कोपऱ्यात बसवून तक्त्यात चौकोन भरायला लावायचे? मंडळी, हसण्यावारी नेतोय आज, पण त्या दिवशी मी घरी जाताना रस्ता चुकलो होतो.

आणि माझी खात्री होती की हे कोचबाईंनीच घडवून आणलं. दुसऱ्या दिवशी आमचे शिपाईकाका मला जिन्यात थांबवून म्हणाले, "सर, बाईंवर रागावू नका. काल मोठ्या बाईंनी त्यांना विचारलं, की गणिताच्या सरांबद्दल लेखी द्या. त्या म्हणाल्या, 'पानं सरांकडे आहेत, त्यांनाच मागा. मी परीक्षक म्हणून आलेले नाही.' मोठ्या बाई म्हणाल्या, 'त्यांनी तुमच्याविरुद्ध अर्ज दिलाय, माहितेय ना?' तर त्या म्हणाल्या, 'हो, अक्षर चांगलंय.'"

मी तिथेच पायरीवर बसलो. मग उठून कोचबाईंकडे गेलो. बोलू काय? शेवटी म्हटलं, "बाई, मला त्रिकोण सोडून दुसरं काही नीट येत नाही असं वाटायला लागलंय." त्या म्हणाल्या, "मग त्रिकोणच घ्या. फक्त एक करा. 'काही शंका?' असं विचारल्यावर सातपर्यंत मोजा. मनात. हात मागे बांधून बोटांवर."

सात! मंडळी, सात म्हणजे किती असतात ते फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पहिल्या दिवशी मी 'काही शंका?' विचारलं आणि थांबलो. तीनला मला घाम फुटला. चारला वर्ग चिडीचूप. पाचला चष्मेवाला उठून म्हणाला, "सर, बरं वाटत नाहीये का?" आणि दोघं जण पाणी आणायला पळाले. त्या महिन्यात मी इतकं पाणी प्यालो की विचारू नका. कोचबाई रोज मागे बसायच्या आणि मी तीनला घाईवर आलो की नुसता हात वर करायच्या. हळूहळू मुलांना कळलं की सर आजारी नाहीत, सर थांबलेत. मग कुठे मागच्या बाकांवरून आवाज यायला लागले.

महिनाअखेर आली. मुख्याध्यापिकाबाई आणि कोचबाई मागच्या बाकावर शेजारी शेजारी. मी त्रिकोण काढला. प्रयोग पाचवा. पाया बारा सेंटिमीटर, उंची चार. म्हणून क्षेत्रफळ चोवीस. आणि उरलेल्या दोन बाजूंवर, आकृती भरल्यासारखी दिसावी म्हणून, मी नेहमीप्रमाणे लिहिलं पाच आणि सहा. कित्येक वर्षं लिहीत होतो. मग विचारलं, "काही शंका?" आणि हात मागे बांधले.

सहापर्यंत काही नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. सातला खिडकीजवळचा एक हात अर्धा वर आला. त्या मुलीचा आवाज मी त्या वर्षी फक्त हजेरीला ऐकला होता. ती म्हणाली, "सर, हा त्रिकोण होतच नाही."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा सारखा केला. माझ्या तोंडात 'खाली बस' आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. पण हात मागे बांधलेले होते ना! त्या बोटांनी मला धरून ठेवलं. मी म्हटलं, "ये, दाखव."

तिने फळ्यावर बारा एककांची रेघ ओढली. मोठा लाकडी कंपास घेतला. एका टोकावरून पाचाचा कंस मारला, दुसऱ्या टोकावरून सहाचा. दोन कंस एकमेकांपर्यंत पोचलेच नाहीत. पाच आणि सहा अकरा. बारा कसे गाठणार? ती खालमानेनं म्हणाली, "घरी चार वेळा काढून बघितला सर. मला वाटलं माझा कंपासच बिघडलाय. आईला नवीन मागितला. तरी नाही आला."

तिची वही मी मागवली. चारही आकृत्यांवर माझ्याच लाल शाईतला माझाच शेरा होता, 'लक्ष नाही. पुन्हा काढ.'

काय वाटलं असेल मला? नाही, याचं उत्तर मीच देतो, दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. मला त्या मुलीचे पाय धरावेसे वाटले. मी वर्गाला सांगितलं, "चूक माझी. हिचा कंपास उत्तम आहे." आणि विचारलं, "मग कोणत्या बाजू घेतल्या तर त्रिकोण होईल?" या वेळी मोजावं लागलं नाही. अख्खा वर्ग रेघा ओढत होता, भांडत होता, एकमेकांचे कंपास पळवत होता. घंटा झाली ती कुणाला ऐकू गेली नाही. मुख्याध्यापिकाबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "वर्ग तुमच्याकडेच राहील, सर. तेवढा तो त्रिकोण मात्र निवृत्त करा."

त्या संध्याकाळी मी खणातली चार पानं काढली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. चारही पानांवर, खालच्या ओळीत, तेच होतं. 'खिडकीजवळची मुलगी फळ्याकडे बघते, मग आपल्या वहीकडे, पुन्हा फळ्याकडे. हात अर्धा वर. सर पुढे गेले.'

मी कोचबाईंना विचारलं, "तुम्हाला माझी चूक दिसली होती?" त्या म्हणाल्या, "छे हो, मला गणित कुठे येतं? मला हात दिसला होता."

ती मुलगी आता दहावीत आहे. मघापासून जी या समारंभाचं सूत्रसंचालन करतेय आणि दोन मिनिटांपूर्वी जिने मला 'वेळ संपली' अशी चिठ्ठी पाठवली, तीच ती. तिला बोलतं करण्यात माझा वाटा आहे, आता भोगतोय.

तर आवरतो. कोचबाई उद्यापासून दुसऱ्या शाळेत जाणार. तिथे कुणीतरी आत्ता आपला ठेवणीतला तास घासूनपुसून ठेवत असेल, त्याला माझ्या शुभेच्छा. आणि इथे सोमवारपासून आठवड्यातले सहा तास मागच्या बाकावर मी बसणार आहे, असा मुख्याध्यापिकाबाईंचा आदेश आहे. सहकाऱ्यांनो, अर्ज लिहिलात तर सह्यांना जागा भरपूर सोडा.

आपण सर्वांनी मला ऐकून घेतलंत, अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे फक्त दोनदा बघितलं, याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला.

आणि बाई, एक शेवटचं. आज मी किती प्रश्न विचारले, त्यातल्या किती प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली आणि कुठे कुणाचा हात अर्धा वर आला होता, हे सगळं तुम्ही लिहिलेलं आहे. तास माझा होता. जाण्याआधी माझं पान मला देऊन जा. या वेळी मी ते खणात टाकणार नाही.