मुकादमाची तिसरी तारीख

हॅलो? … हो, मुकादमच बोलतोय. जरा मोठ्यानं बोला, जिन्यात आवाज घुमतो… कोण? दवाखान्यातून? एक मिनिट हं, सिस्टर…

अरे ए, कपाट भिंतीला घासू नका! तिरकं करा, तिरकं! माझ्या तोंडाकडे काय बघताय? फोन गिऱ्हाइकाचा आहे!

हां, बोला सिस्टर. … हळूच बोलणार, आजूबाजूला चार माणसं आहेत माझी. … हो, माहीत आहे, दोनची वेळ दिलीय. पण… अहो, ऐका ना… आज नाही जमत. … पळत नाहीये हो! तीन खोल्यांचं सामान, लिफ्ट बंद, आणि हे धूड दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलंय. … गेल्या वेळी पाहुणे आले होते. … त्याच्या आधी? त्याच्या आधी सर्दी होती. … हसताय काय? ऐन वेळी शिंक आली असती म्हणजे?

… खरं सांगू? हातपाय चालतात म्हणून घर चालतं माझं. त्या… त्या कामानंतर अंगातलं बळच गेलं तर? … आठवडाभरच जड उचलायचं नाही? आणि पुढे? … पहिल्यासारखं? … सगळं? … सगळं म्हणजे अगदी… बरं, बरं, कळलं. लाजवू नका.

… पण सिस्टर, टोळीत कळलं तर माझ्या अब्रूचं खोबरं… काय? … कोण आलंय? … माझी बायको? तिथे कशाला? … स्वतःचं ऑपरेशन करून घ्यायला?

… अहो, मी तिला सांगितलं होतं, डॉक्टर रजेवर आहेत. … हो, दोन्ही वेळा तेच सांगितलं. … तिला म्हणावं, घरी जा. … ऐकत नाही? ऐकायची नाहीच ती.

… सिस्टर, तिच्या अंगात रक्त कुठे आहे? दोन्ही पोरं सिझेरियननं झाली. धाकटीच्या वेळी चार बाटल्या रक्त चढवलं. मोठे डॉक्टर म्हणाले, आता तिसऱ्याचं नाव काढू नका. गोळ्या तिला सोसत नाहीत. … आणि आता परत तिच्याच पोटावर सुरी? नाही, नाही! तिला सही करू देऊ नका!

काय रे पैलवान? कान टवकारून काय ऐकतोयस? … काय? … तू? … कधी? … चार वर्षं झाली? आणि मला आज सांगतोस! … अरे, आत्ताच तो फ्रीज एकट्यानं वर नेलास की रे! … तुला चक्कर आली होती? नुसती सुई बघून? … नाही रे बाबा, मी कशाला कुणाला सांगू? अख्ख्या जिन्यानं ऐकलंय.

सिस्टर, आहात ना? दोनला किती अवकाश आहे? … पाऊण तास. आलोच! … अंघोळ करून? करतो की, गिऱ्हाइकाच्या नव्या घरातली पहिली अंघोळ माझीच. … टाकेसुद्धा नाहीत? अरेच्चा! मग मी एवढे दिवस कसला घाबरत होतो? … हो, हो, लगेच मोकळा नाही. तीन महिने कंडोम, मग तपासणी. लक्षात ठेवतो. … द्या तिला फोन.

अगं… अगं, ऐक ना… बोल, बोल, पोटभर बोल. … डॉक्टर रजेवर नव्हते. मीच घाबरलो होतो. … तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस? … माझ्या तोंडून ऐकायचं होतं. … हं.

… अगं, धाकटीच्या वेळी तुला आत नेलं होतं ना, तेव्हा बाहेर बसून एकच म्हणत होतो, ही वाचू दे, परत हिला यातून जाऊ द्यायचं नाही. आणि माझी पाळी आली तर मला सर्दी झाली. … हसलीस ना? … नाही गं, आता नाही टाळत. … मोठ्यानं सांगू? इथे? सगळ्यांसमोर? काहीतरीच काय… बरं, बरं. थांब.

अरे ए, ऐका रे सगळे! मी नसबंदी करायला चाललोय! आत्ता! दवाखान्यात!

… ऐकलंस? … नाही गं, कुणी हसत नाहीये. कपाट टेकवलं खाली सगळ्यांनी. पैलवान टेम्पोची किल्ली घेऊन पळालासुद्धा. … अगं बाई, वरच्या मजल्यावरचं जोडपं बाहेर आलंय. दवाखान्याचा पत्ता विचारतायत. … नवरा कुठला गं? बायको विचारतेय. तो गेला दार लावून आत. … बरं, ठेव आता. अंगावर पाणी घेतलं की निघालोच!