टिपणीसांची तीन किलोची बॅटरी

मंडळी, ऐका! पेटीवाले, जरा हात थांबवा. मला एक प्रश्न विचारायचाय, आणि सुरात प्रश्न विचारला की लोक उत्तर देत नाहीत, नुसत्या माना डोलावतात.

तर प्रश्न असा — उद्या सकाळी तुमची गाडी बंद पडली, तर धक्का मारायला हाक कुणाला माराल?

हसू नका! मनातल्या मनात एक नाव घ्या. विमा कंपनीचा नंबर चालणार नाही. ड्रायव्हर चालणार नाही, तो पगार घेतो. मुलगा चालणार नाही, तो बंगळूरला असतो. तिथून धक्का मारला तरी इथं पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. सापडलं नाव? तिसऱ्या खांबापाशी बसलेले काका अजून शोधतायत. शोधा काका, घाई नाही. तोवर मी गोष्ट सांगतो.

साताऱ्यात, यवतेश्वरच्या बाजूला चढणाऱ्या एका गल्लीत शरच्चंद्र टिपणीस नावाचे गृहस्थ राहायचे. कारखान्यात नकाशे काढण्यात आयुष्य गेलं. माणूस सज्जन, काटेकोर. भाजीवाल्याकडे कोथिंबीरसुद्धा सरळ रेषेत उभी राहून घ्यायचा. निवृत्त झाले आणि यांनी काय घ्यावं? कुणी शेत घेतं, कुणी जपमाळ घेतं. यांनी स्पोर्ट्स गाडी घेतली! लाल, जुनी, एवढीशी, दोन सीटची. आत बसलं की न्हाणीघरातल्या घंगाळात बसल्यासारखं वाटायचं. पण आवाज असा, की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची.

शेजारच्या सीटवर मालतीबाई. डोक्याला रुमाल, मांडीवर डबा. कासला जायचं, डबा खायचा, परत यायचं. बाई म्हणायच्या, "अहो, डबा सांडेल, हळू." हे म्हणायचे, "हळूच आहे, आवाज मोठा आहे फक्त."

मग मालतीबाई गेल्या.

गल्ली चांगली होती हो. तेरा दिवस कुणी चूल पेटवू दिली नाही. समोरचे आबा बर्गे, ते स्वतःच विधुर — ते तर स्वतःच्या हातचं पिठलं घेऊन यायचे. पिठलं म्हणजे काय, भिंतीला लावलं असतं तर पोपडे धरून राहिले असते. पण आणायचे! चौदाव्या दिवशी टिपणीसांनी सगळ्यांचे डबे घासले, पुसले, लखलखीत केले, आणि ज्याचे त्याला परत नेऊन दिले. रिकामे. मंडळी, आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत देतात का? चिमूटभर साखर तरी घालतात. यांनी रिकामा डबा आबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "फार केलंत. आता पुन्हा तसदी घेऊ नका."

आबांनी डब्यात डोकावून पाहिलं. "बरं," म्हणाले.

झालं. त्या एका "बरं"वर पुढची सहा वर्षं गेली.

लेक पुण्याला. ती फोनवर म्हणायची, "बाबा, एकटे कशाला राहता? विका ती गाडी, या इकडे." हे म्हणायचे, "माझं काय अडलंय? ज्या दिवशी गाडीसाठी दुसऱ्याला हाक मारावी लागेल, त्या दिवशी विकीन." आणि हा माणूस शब्दाचा पक्का! तेव्हा लक्षात ठेवा — हाक मारली, की गाडी गेली. गाडी गेली, की सातारा गेला.

आता गाडीचं एक असतं. चालवली नाही की बॅटरी उतरते. आणि टिपणीस चालवणार कुठं? जायचं कुणाकडे? आठ-पंधरा दिवसांनी एकदा काढायची, तर सेल्फ नुसता कण्हायचा. पण नकाशे काढणारा माणूस! त्यांनी तोड काढली. गाडी कायम उतारावर लावायची, तोंड खाली करून. ब्रेक सोडला की गाडी आपसूक गडगडते, दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, की झटका बसून इंजिन सुरू! माणूस नको, हाक नको, आभार नकोत. बाजारात उतार बघून थांबायचे. उतार नसेल त्या दुकानात जायचं नाही. एक चांगला डॉक्टर त्यांनी केवळ दवाखाना सपाटीला आहे म्हणून सोडला!

आणि मग एके दिवशी नगरपालिकेने पाण्याच्या पाइपासाठी नेमका तो उतार खणला.

हसताय? तुमच्या गल्लीत खणलेलं बुजवलं का? नाही ना? मग!

गाडी आली सपाटीवर. थेट आबा बर्ग्यांच्या घरासमोर. टिपणीसांना झोप लागेना. आता धक्का लागणार! विचार करकरून त्यांनी जो निर्णय घेतला, तो ऐका — गाडी एवढी हलकी करायची, की एकट्या म्हाताऱ्याने ढकलली तरी चालावी. स्वतःच ढकलायची, स्वतःच उडी मारून आत बसायचं!

लागले कामाला. स्टेपनी काढली. जॅक काढला. पंक्चर झाली तर? तेव्हाचं तेव्हा बघू. रेडिओ काढला, बातम्या ऐकून कुणाचं वजन कमी झालंय? खालचे गालिचे काढले. सगळं वजनकाट्यावर चढवून झालं, तरी समाधान होईना. मग नजर गेली डावीकडे. शेजारची सीट. भरली चांगली अकरा किलो. आणि त्यांनी हिशेब केला — बसतं कोण तिच्यावर?

चार बोल्ट काढले. सीट उचलून दिवाणखान्यात ठेवली. फेकवेना. भिंतीशी, जमिनीवर, पाहुण्यांसाठी. पाहुणे कोण? त्या सीटवर रोज वर्तमानपत्र बसायचं.

राहिली बॅटरी. जुनी शिशाची, चौदा किलोची, धोंड्यासारखी. टिपणीस दुकानात गेले. काउंटरवर मुलगा होता, गळ्यात टाय, बोलणं सुसाट.

"टिकाऊ हवी," हे म्हणाले, "आणि हलकी."

"सर, लिथियम घ्या! फक्त तीन किलो! बाळ उचलल्यासारखी उचलायची. तुमच्या गाडीला चालेल अशी आहे, चार्जिंगचं एवढं मीटर तपासून घेऊ. दहा वर्षं बघायला नको."

"दहा?" टिपणीसांनी चष्मा वर केला. "मी सत्तरी पार केलीय."

"मग तर काय सर! तुमच्यानंतर मुलं वापरतील."

विकणाऱ्याने किती लांबचा विचार करावा, बघा!

"फक्त एक," मुलगा म्हणाला, "थंडीत ही जरा आळशी असते. सकाळी लगेच सेल्फ मारायचा नाही. आधी हेडलाइट लावायचे, दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग दम येतो."

"दिवे लावले तर आहे तीही वीज खर्च होईल!"

"होईल की. पण खर्च झाली की आतून गरम होते, मग जोर लागतो. कंपनी असंच सांगते."

टिपणीसांना हे पटलं नाही. ज्याच्याकडे आधीच थोडं आहे, त्याने ते आधी उधळायचं? अहो, हा काय हिशेब झाला? त्यांनी मान डोलावली — तुम्ही आत्ता डोलावताय तशीच! — आणि बॅटरी काखेत मारून घरी आले.

बसवली. पहिल्याच दिवशी इंजिन असं पेटलं, की गल्लीतली कुत्री, म्हातारी झालेली, तरी उभी राहिली. टिपणीसांनी लेकीला फोन केला. "अकरा किलो वाचले! नुसत्या बॅटरीत!" लेक म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

मग पंधरा दिवस गाडी उभी. का? अहो, जायचं कुठं!

आणि दत्तजयंतीची सकाळ उजाडली. थंडी अशी, की देवाला आंघोळ घालताना पुजारी क्षमा मागत होता. टिपणीसांना वाटलं, दर्शनाला जावं. गाडीत बसले. दिवे? लावले नाहीत! वीज वाचवली! किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा. टक. ठिणगीपुरता जीव होता आत, सेल्फ फिरवायचा दम नव्हता.

समोर आबांची गॅलरी. आबा पेपर वाचत बसलेले. टिपणीसांनी तिकडे पाहिलं नाही. आबांनी इकडे पाहिलं नाही. गल्ली एवढी अरुंद, की एकाने शिंक दिली तर दुसऱ्याने रुमाल काढावा. पण सहा वर्षं हे असंच!

खाली उतरले. दार उघडं, डावा हात स्टिअरिंगवर, उजवा खांदा दाराच्या चौकटीला. हूं! हलली! खरंच हलली हो, हिशेब चुकला नव्हता. चार पावलं, आठ पावलं, वेग आला — आता उडी! आणि खणलेल्या मातीवर चप्पल सरकली. टिपणीस गुडघ्यावर. गाडी पुढं!

गाडी निघाली हो एकटीच. एवढी हलकी केली होती, की तिला मालकाचीसुद्धा गरज उरली नाही. सावकाश, डुलत गेली, आणि आबा बर्ग्यांच्या ओट्याला हळूच टेकून उभी राहिली. जणू पत्ता विचारतेय.

टिपणीस रस्त्यात बसलेले. माती झटकावी की गाडीमागे पळावं कळेना. एवढ्यात आबा बाहेर आले. पंचाहत्तरीचा माणूस, धोतर, बंडी, आणि पायात कॅनव्हासचे बूट! नाड्या करकचून बांधलेल्या.

"लागलं का?"

"नाही, नाही. तुम्ही... कुठं निघाला होतात का? उगाच माझ्यामुळे खोळंबा."

"न्हाई. कुठं निघणार?"

"मग बूट?"

आबा बुटांकडे बघत राहिले.

"रोजच घालतो सकाळचे," म्हणाले. "म्हटलं, साहेबांची गाडी न्हाई पेटली तर लागंल कुणीतरी. तुमचं इंजान सुरू झालं, न्हाईतर उन्हं वर आली, की काढतो."

मंडळी... सहा वर्षं.

पेटीवाले, नको. आत्ता सूर नको.

"बसा आत," आबा म्हणाले, "मारतो धक्का." टिपणीस निमूट बसले. आबांनी गाडी ओट्यापासून मागं घेतली, वळवली, पाठीमागून छाती लावली. पंचाहत्तर वर्षांचा जोर! दुसरा गिअर, झटका — पेटलं!

आता धक्क्याचं एक दुःख तुम्हाला माहीत आहे. गाडी सुरू झाली की थांबता येत नाही. थांबलं की बंद! धक्का मारणारा मागं धुरात उभा राहतो आणि गाडीवाला खिडकीतून हात हलवत निघून जातो. टिपणीसांनी हात हलवला. आरशात पाहिलं. आबा रस्त्याच्या मध्ये उभे, हात वर. मग त्यांनी हात खाली घेतला, ओट्यावर टेकले, आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.

दत्ताचं देऊळ डावीकडे होतं. टिपणीस उजवीकडे वळले, वळसा घालून गल्लीत परत आले. अॅक्सिलरेटर दाबूनच ठेवलेला, गाडी थरथरतेय. आबांचा एक पाय बुटात, एक मोकळा.

"आबा, चला! दर्शन घेऊन येऊ."

आबांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! लंगडत आले. डावीकडचं दार उघडलं. आणि थांबले.

आत पत्रा. चार बोल्टांची भोकं.

"बसू कुठं, साहेब?"

आबांनी दार हळूच लावलं, जोरात लावलं तर इंजिन बंद पडेल अशा बेतानं. "ऱ्हाऊ द्या. जावा तुम्ही. बंद पडंल ती." आणि आत गेले.

टिपणीस गेले. देवळात नाही, यवतेश्वरचा घाट चढून गेले. गाडी काय पळाली! हलकी, मोकळी, वळणावर पाण्यासारखी. आयुष्यात कधी पळाली नव्हती तशी. वरती थांबले, इंजिन चालूच ठेवून. खाली सगळा सातारा उन्हात. टिपणीस म्हणाले, "बघ, किती छान..." आणि डावीकडे वळले.

पत्रा.

"हळू" म्हणायलाही कुणी नव्हतं.

खाली आले. दिवाणखान्यातली सीट उचलली. वर्तमानपत्र खाली पडलं, पडू दिलं. अकरा किलो छातीशी धरून बाहेर आणलं, गाडीत ठेवलं. पण मंडळी, सीट बसवायला दोन माणसं लागतात. एकाने खालून नट धरायचा, एकाने वरून बोल्ट आवळायचा. नकाशे काढणाऱ्याला हे माहीत नव्हतं? पक्कं माहीत होतं!

गाडीशेजारी उभे राहिले. तोंड उघडलं. आवाज निघेना! सहा वर्षांत मोठ्यानं कुणाला बोलावलंच नव्हतं हो, घसा विसरला होता. घोगरं काहीतरी आलं. खाकरले. मग आत हात घालून त्यांनी हेडलाइट लावले. भर सकाळी, लख्ख उन्हात! दोन दिवे आबांच्या ओट्यावर. थांबले जरा. आणि मग —

"आबाऽऽ!"

गल्लीतली कुत्री उभी राहिली.

आबा दारात आले. पायात बूट. दोन्ही. नाड्या बांधलेल्या.

दुपारी लेकीचा फोन. "काय करताय, बाबा?"

"हाक मारली आज."

मग हळूच, "म्हणजे... गाडी विकणार?"

"नाही," टिपणीस म्हणाले. "जड करतोय. आणि ऐक, डबा भरून द्यायचाय एक. शिरा कसा करतात? तूप आधी की रवा आधी?"

तर मंडळी, मगाशी पाठीमागून कुणीतरी कुजबुजलं, बुवा, यात देव कुठं आला? अहो, देवळात येताना आपण सगळे चपला बाहेर काढून येतो. ती आपली भक्ती. एक माणूस सहा वर्षं रोज सकाळी बूट घालून बसला, आणि कुणी बोलावलं नाही तर काढून ठेवले. आता सांगा, देव कुणाच्या दारात जास्त वेळ थांबला असेल?

तिसऱ्या खांबाजवळचे काका, सापडलं नाव? नाही? मग उलटा शोध. तुमची गाडी पेटायची वाट बघत समोर कोण बसलंय, ते बघा. आता आरती होईल. मग तुम्ही सगळे बाहेर चपला शोधाल. घाई करू नका. घरी जाताना समोरच्या दाराशी थांबा, आणि हाक मारा. पहिला आवाज घोगरा निघेल. लाजू नका. दिवे लावून जरा थांबा.

निघेल.