दुसऱ्याच्या बैलापाशी

काय सांगू तुमाला, माझं माहेर दिंद्रुडच्या अलीकडचं, अन् दिलं ते तिथंच जवळच्या वाडीत. आमी बौद्ध. बाप रोजगारी, पर त्यानं मला गावातल्या शाळंत घातलं, जेवढी शाळा व्हती तेवढी म्या शिकले. मालक लवकर गेले, लेकरू झालं न्हाई. मागं राह्यलो मी अन् एक तांबडी गाय. तिच्याशीच बोलायची, दुसरं कोण व्हतं.

मंग तो दुष्काळ पडला. हिरी आटल्या, कडबा दिसंना. सहकारी कारखान्याच्या माळावर जनावरांची छावणी उघडली म्हणल्यावर गावंच्या गावं जनावरं घेऊन तिकडं निघाली, मीबी गाय घेऊन गेलते. तिथं चारा मिळायचा, टँकरचं पाणी मिळायचं, म्हणून माणसं ताडपत्र्या बांधून तिथंच राह्यली. लेकरं आली संगं, अन् शाळा राह्यली गावात. दिवसभर लेकरं शेण भरायची, पाण्याच्या रांगंत उभी राह्यची.

माझ्या शेजारी परळीकडचा उत्तमभाऊ, त्याची बायको अन् पोरगी मनीषा, दुसरीतली. दुसऱ्या समाजाचे ते. माझ्या हातचं पाणी त्यांचे बैल प्यायचे, माणसं न्हाई. पर पोरगी येऊन बसायची माझ्यापाशी, आत्या म्हणायची, पेंडीच्या पोत्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचायची. वाचायला दुसरं काईच न्हवतं तिला. मला लई वंगाळ वाटायचं.

कारखान्याजवळ शाळा व्हती. म्या जाऊन हेडमास्तरला ईचारलं, आमची छावणीतली लेकरं बसू द्याल का, दाखले न्हाईत जवळ. ते म्हणले, बाई, आणा तुमी, कागदाचं मागून बघू. आता शाळा तयार, आईबाप तयार न्हाईत. उत्तमभाऊ म्हणला, आमी दोघं रोजगाराला जातो, मागं बैलाला पाणी कोण पाजंल, तुमी का बाई? म्या म्हणलं, हां, मीच पाजते. दुसऱ्या दिवशी मनीषा दप्तर घेऊन उभी. तिचं बघून बाकीच्यांनीबी लेकरं धाडली, अन् त्यांची जनावरं माझ्याकडं आली.

सकाळी लेकरांना सडकंच्या पल्याड सोडून यायची. मंग छावणीत माणूस दिसायचं न्हाई, नुसती जनावरं रवंथ करत बसलेली अन् ऊन. लई सुनं वाटायचं. शाळा कवा सुटती म्हणून सडकंकडं बघत बसायची.

त्यात माझी गाय आजारी पडली. डाक्टर येऊन गेला, पर वाचली न्हाई. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलते मी, काय सांगू. तिला नेल्यावर छावणीचा मॅनेजर आला. वाईट न्हवता माणूस, नेमाचं बोलला. म्हणला, मावशी, तुमचं जनावर न्हाई आता, जागा मोकळी करा, गावाकडं जा. म्या गठुडं बांधाया घेतलं. घरी तरी कोण वाट बघत व्हतं. मनात एकच, उद्या लेकरांचं काय.

तेवढ्यात उत्तमभाऊ रोजगाराहून आला. मॅनेजरला म्हणला, अक्का आमच्या बैलापाशी हायत. त्या गेल्या तर आमची लेकरं शाळंत कशी जातील?

मला अक्का म्हणला तो, पहिल्यांदा. मॅनेजर माघारी गेला, म्या गठुडं सोडलं. मंग उत्तमभाऊची बायको भाकरी घेऊन आली, माझ्यापाशी बसली, अन् माझ्याच तांब्यातलं पाणी प्याली.

लेकरांची परीक्षा झाली, समदी पास झाली. पुढं पाऊस पडला, छावणी उठली, ज्याचा त्यो आपल्या गावाला गेला. मनीषा ट्रॅक्टरवरून लई येळ हात हालवत व्हती. मी घरी येऊन कुलूप काढलं. कितीतरी दिवस सकाळी उठले की पाय सडकंकडं वळायचे, मंग ध्यानात यायचं, न्यायचं कुणाला.

कैक वर्सांनी परळीच्या बाजारात उत्तमभाऊ भेटला. मनीषा अंबाजोगाईला कॉलेजात हाय म्हणला. म्या ईचारलं, माझी याद काढती का? खोटं बोलणारा माणूस न्हवं तो. खाली बघून म्हणला, लहान व्हती अक्का, छावणीतलं तिला काई ध्यानात न्हाई. म्या म्हणलं, बरं झालं, ते दिवस काय ध्यानात ठेवायचे. त्यानं चहा पाजला, येष्टीत बसवून दिलं. गाडी हालल्यावर मातर मला रडू आलं.

आता थकले. सांजच्याला दारात बसते. लेकरं शाळंतून जातात, कुणी हाक मारतं, कुणी न्हाई. मनीषाचं चांगलं व्हावं, जिथं असंल तिथं. तिच्या लेकराबाळांनीबी शिकावं. माझं काय, मी हाय हितंच.