फेट्यातली बक्षिसी

मेहकरच्या स्टँडवर साखरखेर्ड्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी बसलेल्या बाईंचा दीर घाईघाईनं कचेरीतून आला.

“काय झालं भाऊजी? आपल्या निवृत्तीची नोकरी गेली काय?”

“पाणी तं पिऊ द्या, वहिनी.”

“आधी सांगा, मंग प्या.”

“साहेब म्हणे, सरकारी शिपायाले पगार बांधेल हाय. वर दुसरी कमाई चालत नाही. मंग जत्रेत कुस्तीचे पैसे काऊन घेतले?”

“अगं माय! मंग पोरगं काय बोललं?”

“काय बोलते! मैदानात गडी उताणा पाडते, अन् साहेबापुढं मान खाली. मंग मीच म्हटलं, साहेब, आमच्याकडं जिंकेल पैलवान फेटा पसरून फिरते, लोकं त्यात बक्षिसी टाकते, पण तो पैशाले हात लावत नाही. फेट्याची गाठ वस्तादच सोडते. त्यातून तालमीतल्या पोरायले दूध येते.”

“मानलं त्यानं?”

“वस्ताद संगंच होते, त्यायले इचारलं. मंग म्हणे, नोकरी कर अन् कुस्तीबी कर.”

“पावला रे देवा! अन् पोराले त्या कुस्तीत काय भेटलं?”

“मानाचा नारळ. तो कचेरीतच फोडला. पहिला तुकडा साहेबानंच खाल्ला. हा घ्या तुमचा.”

“आता प्या पाणी, भाऊजी.”