आवाज कमी करा

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लागायचा होता. मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी.

“चाळीस वर्षं ते धडाडधूम हेवी मेटल संगीत ऐकलंत, बाबा. कान टिकतील कसे?”

“डोळे मिटले की अजून ड्रम वाजतात गं.”

“पण ती घासलेली कॅसेट अजून कशाला ऐकता? तीच गाणी मोबाइलवर घालून दिली ना मी, एकदम स्वच्छ?”

“फारच स्वच्छ आहेत. कॅसेट मी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरली होती. गिटार ऐन रंगात येते आणि स्वयंपाकघरातून तुझी आई ओरडते, ‘अहो, आवाज कमी करा!’”

“आईचा आवाज? तिला जाऊन सहा वर्षं झाली, आणि हे आज सांगताय?”

“हं.”

“मग केलात का कमी?”

“तेव्हा कुठला! आता मात्र दर वेळी करतो.”